स्टेनलेसचं टिग शिकतेय : ३०८, ३०९ की ३१६? फिलर वायरीचा गोंधळ

ठिणगी

मंडळी, नमस्कार. माइल्ड स्टीलवर (साध्या लोखंडावर) टिगची, म्हणजे टंगस्टनच्या टोकावर आर्क (विजेची ज्योत) पेटवून गॅसच्या आवरणात करायच्या वेल्डिंगची, बीड (जोडाची सलग रेघ) आता सरळ आणि एकसारखी येते, म्हणून स्टेनलेसकडे वळलेय. जॉब असा आहे : १.५ मिमी पत्र्याचा एक ट्रे, २ मिमी जाडीच्या चौकोनी नळीची चौकट, आणि चौकटीच्या पायाला माइल्ड स्टीलच्या प्लेटी. पत्रा आणि नळी दोन्ही ३०४, म्हणजे स्टेनलेसची नेहमीची जात. मशीन डीसी, पायाचं पॅडल आहे, गॅस शुद्ध आर्गॉन.

फिलरबद्दल, म्हणजे जोडात वितळवून भरायच्या वायरीबद्दल, तिघांना विचारलं, तर तीन उत्तरं आली. एकजण म्हणाला ३०८एल, दुसरा म्हणाला "३०९एल घे, सगळ्याला चालते", तिसरा म्हणाला "३१६एल वापर, भारी असते". मी सध्या जी वायर वापरतेय तिच्यावरचा नंबर पुसला गेलाय. बीड करडी आणि निस्तेज येते, पत्र्याच्या मागच्या बाजूला काळे खडबडीत दाणे उठतात आणि पत्रा पिळून बसतो. वायर बदलली तर हे सुधारेल का? की माझ्या हातात काही चुकतंय?

कर्मशाळा

३०४ ला ३०८एल. या भागाचं उत्तर सरळ आहे.

३०४ ला ३०४ चीच वायर का नाही, असं नवीन माणूस हमखास विचारतो. फिलरच्या प्रमाणित यादीत ३०४ नावाची वायरच नाही. वितळलेला धातू थिजताना त्यात थोडा फेराइट तयार झाला पाहिजे (फेराइट आणि ऑस्टेनाइट ही पोलादाच्या आतल्या स्फटिकरचनेची दोन रूपं). तो नसेल आणि सगळा ऑस्टेनाइट झाला, तर गरम असतानाच बीडला मधोमध तडा जाण्याची भीती असते. ३०८ मध्ये क्रोमियम साधारण २० टक्के आणि निकेल १० टक्के, म्हणजे दोन्ही ३०४ पेक्षा थोडं जास्त ठेवलेलं असतं. मूळ पत्रा त्यात मिसळला तरी फेराइटचं प्रमाण जागेवर राहतं.

'एल' म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांपर्यंत. कार्बन जास्त असला की साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात तो क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर बसतो. सीमेलगतचं क्रोमियम कमी होतं आणि पुढे तिथूनच गंज आत शिरतो. ३०८ आणि ३०८एल दोन्ही समोर असतील तर डोळे मिटून एल घ्या.

बीड करडी का येते ते मात्र वायरीवरून सांगता येणार नाही. अँपिअर, गॅसचा प्रवाह, कपचा (टॉर्चच्या, म्हणजे वेल्डिंगच्या मुठीच्या, तोंडावरच्या नळकांड्याचा) नंबर आणि टॉर्च बंद केल्यावर गॅस किती सेकंद चालू राहतो, एवढं लिहा.

एकचडबा

मी ३०९एलचा एकच डबा ठेवतो. ३०४ ला चालते, माइल्ड स्टीलला जोडायलाही चालते, आणि तुमच्या जॉबमध्ये तर दोन्ही आहेत. शिकताना तीन डबे सांभाळायचे कशाला? ३०४ चा जोड ३०९एलने केला म्हणून तो कमजोर पडत नाही.

गंजशत्रू

@एकचडबा, जोड कमजोर पडत नाही हे मान्य. चौकटीसाठी ३०९एल वापरली तर काही बिघडणार नाही, हेही मान्य. पण "सगळ्याला चालते" हे वाक्य नवशिक्याच्या डोक्यात बसलं की उद्या ती वायर ३१६ वर जाते, आणि तिथे ते महागात पडतं.

३१६ मध्ये दोन-अडीच टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठाच्या पाण्यातले क्लोराइड पृष्ठभागाला टोचून जे बारीक खड्डे पाडतात त्यांना ते अडवतं. ३०९एलमध्ये क्रोमियम २४ च्या आसपास आणि निकेल १३ आहे, पण मॉलिब्डेनम नाही. ३१६ ची टाकी ३०९एलने जोडली तर टाकी शाबूत राहील आणि बीडमध्ये खड्डे पडतील. म्हणून ३१६ ला ३१६एल.

उलट बाजूने, ३०४ वर ३१६एल बहुतेक ठिकाणी बिनधास्त चालते. अपवाद तीव्र नायट्रिक आम्लासारख्या जागांचा, तिथे मॉलिब्डेनम फायद्याचं नाही. "भारी असते" एवढ्यासाठीच घ्यायची तर गरज नाही. हाताशी असेल तर वापरा.

३०९एलची खरी जागा तुमच्या पायाच्या प्लेटी. माइल्ड स्टीलमध्ये क्रोमियम-निकेल जवळजवळ नसतंच. ते वितळून बीडमध्ये मिसळलं की बीड पातळ होते, पाणी घातलेल्या ताकासारखी. ३०८ ने ती प्लेट जोडली तर या मिसळीत मार्टेन्साइट नावाची स्फटिकरचना तयार होते, कडक आणि ठिसूळ, आणि तडा जातो. ३०९ मध्ये मुळातच एवढं मिश्रधातू भरलेलं असतं की लोखंड मिसळूनही बीड स्टेनलेसच राहते.

आणि नंबर पुसलेली वायर आजच बाजूला काढा. तिच्यावर शिकून कुठलाच निष्कर्ष निघणार नाही, कारण ती कदाचित स्टेनलेसची नसेलही.

हसरा_हातोडा

आठ, नऊ, सोळा... ठिणगीताईंनी सगळ्यांकडून पाढेच म्हणून घेतले :)

वाचनखूण साठवली आहे.

ठिणगी

@कर्मशाळा, माहिती देते. ७० ते ७५ अँपिअर, गॅस मिनिटाला ५ लिटर, कप सहा नंबरचा, नंतरचा गॅस २ सेकंद. टंगस्टन २.४ मिमी, लाल टोकाचं. हात सावकाश चालवते, म्हणजे आतपर्यंत धरेल. बीड झाली की नेहमीच्या तारेच्या ब्रशने घासते.

@गंजशत्रू, वायर बाजूला ठेवली.

निळा_पडदा

ठिणगी, आता चित्र स्पष्ट झालं. हा तुमच्या वायरीचा प्रश्न नाही. तुमची बीड भाजतेय आणि तिला हवा लागतेय. कुठलीही वायर घातलीत तरी ती अशीच करडी येणार. थोडं सविस्तर लिहितो, कारण माइल्ड स्टीलवर हात बसलेल्या प्रत्येकाला इथे सवय बदलावी लागते.

स्टेनलेसची उष्णता वाहून नेण्याची क्षमता माइल्ड स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते. तुम्ही दिलेली उष्णता पत्र्यात पसरत नाही, जिथल्या तिथे साठते. त्यात तापल्यावर त्याचं प्रसरण माइल्ड स्टीलच्या जवळपास दीडपट. उष्णता एका जागी आणि फुगणं दीडपट, मग पत्रा पिळणार नाही तर काय होईल? "सावकाश चालवते म्हणजे आतपर्यंत धरेल" हा विचार माइल्ड स्टीलवर निभावतो, इथे उलटतो.

१.५ मिमीच्या पत्र्याला ४५ ते ५५ अँपिअरमध्ये काम व्हायला हवं. अंदाज म्हणून जाडीच्या दर मिलिमीटरला ३०-३५ अँपिअर धरा आणि पॅडलवर कमीजास्त करा. पॅडल दाबा, वितळलेल्या धातूचं तळं तयार झालं की लगेच पुढे निघा. वायर टोचायची, पुढे सरकायचं, टोचायची, सरकायचं. आर्क जितका छोटा ठेवाल तितकं चांगलं, टंगस्टनच्या जाडीएवढाच. तो लांबला की उष्णता रुंद पसरते आणि गॅसचं आवरणही विस्कटतं.

आता गॅस. ५ लिटर कमी आहे, ८ ते १० वर या. पण घाबरून १८-२० वर नेऊ नका, कारण प्रवाह जोराचा झाला की तो घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. जमलं तर टॉर्चला गॅस लेन्स बसवा आणि कप मोठा घ्या. लेन्समधली जाळी गॅस सरळ आणि शांत सोडते, त्यामुळे मागे राहिलेली गरम बीडही जास्त वेळ झाकलेली राहते. स्टेनलेसवर पैसे खर्च करायचे तर सगळ्यात आधी या लेन्सवर करा, वायरीच्या तिसऱ्या डब्यावर नको.

नंतरचा गॅस २ सेकंद फारच तोकडा. ८ सेकंद ठेवा आणि तेवढा वेळ टॉर्च जागेवरून हलवू नका. बीडचं शेवटचं टोक आणि टंगस्टन दोन्ही लाल असताना हवेत उघडे पडले की दोन्ही खराब होतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वायरीचं गरम टोक टोचण्याच्या मधल्या वेळात गॅसच्या छत्रीबाहेर काढू नका. बाहेर आलं की त्यावर ऑक्साइड चढतो, आणि पुढच्या टोचणीला तो थेट तळ्यात जातो. टोक काळं पडलं असेल तर कापून टाका.

रंग वाचायला शिका. बीड चंदेरी किंवा फिकट पिवळी आली तर उत्तम. सोनेरी चांगली. जांभळी-निळी म्हणजे उष्णता वाढतेय, चौकटीला चालेल. करडी किंवा काळी म्हणजे पृष्ठभागावरचं क्रोमियम ऑक्साइडमध्ये गेलं, तिथे गंज धरणार. रंगीबेरंगी बीड छान दिसते म्हणून लोक मुद्दाम फोटो टाकतात, पण तो रंग म्हणजे ऑक्साइडच्या थराची जाडी आहे. जितका गडद तितका थर जाड.

कर्मशाळा

निळा_पडदा यांच्या प्रतिसादाला +१. त्यात दोन गोष्टींची भर.

तारेचा नेहमीचा ब्रश स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे सूक्ष्म कण पृष्ठभागात रुततात आणि दमट हवेत त्यांचे तपकिरी ठिपके उमटतात. लोक मग म्हणतात स्टेनलेस गंजलं. स्टेनलेसच्या तारांचा वेगळा ब्रश घ्या, त्याच्या दांड्यावर 'फक्त एसएस' असं लिहा आणि तो कुणालाही उसना देऊ नका. ग्राइंडरच्या चकतीचंही तेच. माइल्ड स्टीलवर फिरलेली चकती इथे नको.

दुसरं टाक्यांबद्दल, म्हणजे बीड ओढण्याआधी तुकडे जागेवर धरायला मारलेल्या ठिपक्यांबद्दल. माइल्ड स्टीलला जेवढ्या अंतरावर टाके मारता, त्याच्या निम्म्या अंतरावर मारा. क्रम एका टोकाकडून दुसऱ्याकडे नको. दोन टोकं, मग मध्य, मग उरलेल्यांचे मध्य. बीडही सलग ओढू नका, तुकडे करून जागा बदलत चला आणि मध्ये हात लावता येईल इतकं गार होऊ द्या.

पत्राप्रेमी

मागच्या बाजूचे काळे दाणे राहिले ना? त्याचं काय?

गंजशत्रू

त्या दाण्यांना शुगरिंग म्हणतात. समोरून तुम्ही आर्गॉन देता, पण मागच्या बाजूलाही धातू वितळलेला असतो आणि तिथे उघडी हवा असते. ऑक्सिजनबरोबर क्रोमियम जळतं आणि खडबडीत खरपुडी उठते. ती नुसती दिसायला वाईट असती तर सोडून दिलं असतं. तिच्या खाचाखोचांत ओल आणि घाण अडकते, गंज सुरू होतो, आणि भार आला तर तडाही तिथूनच निघतो.

उपाय मागूनही आर्गॉन देण्याचा. नळी असेल तर दोन्ही तोंडं बंद करायची, एका बाजूने गॅस सोडायचा, दुसऱ्या बाजूला छोटं भोक ठेवायचं. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे, म्हणून गॅस खालून द्या आणि हवा वरून निघू द्या. आतल्या घनफळाच्या पाच-सहा पट गॅस गेल्याशिवाय आर्क पेटवू नका. बाहेर जाण्याचं भोक बंद राहिलं तर आतला दाब शेवटच्या टाक्यापाशी वितळलेला धातू बाहेर फुंकतो, तेवढं सांभाळा.

एकचडबा

इथे मी पुन्हा असहमत आहे. चौकोनी नळीच्या चौकटीत गॅस भरत बसायचं? आतली बाजू कुणी पाहत नाही, आत पाणी जात नाही, आणि कोपऱ्यावर बाहेरून फिलेट (कोनात भरलेली बीड) मारली तर धातू आरपार वितळायलाही नको. अशा चौकटींना मी कधी पर्जिंग (आत गॅस भरून हवा काढणं) करत नाही आणि त्या उत्तम टिकल्या आहेत.

गंजशत्रू

चौकटीबद्दल तुमचं बरोबर आहे. फिलेटमध्ये आरपार गेलं नाही तर मागे दाणे उठत नाहीत, आणि बंद नळी कोरडी राहते. पण ट्रेबद्दल मी ठाम आहे. ट्रे धुतला जाणार, त्यात द्रव राहणार. तिथे मागची बाजू झाकलीच पाहिजे. ज्या नळीतून खाण्यापिण्याचं किंवा औषधाचं काही वाहतं, तिथे तर आतला ऑक्सिजन दहा लाखांत ५० भागांच्या खाली आणून मगच आर्क पेटवतात.

निळा_पडदा

पत्र्यासाठी सोपी सोय सांगतो. तांब्याची जाड पट्टी जोडाच्या खाली घट्ट दाबून बांधा. तांबं उष्णता ओढून घेतं, मागे हवा पोचत नाही आणि पत्राही कमी पिळतो. पट्टीला मधोमध उथळ खाच पाडून त्यातून आर्गॉन सोडला तर मागची बीड समोरच्याइतकीच स्वच्छ येते. आर्क मात्र तांब्यावर जाऊ देऊ नका. वितळलेलं तांबं स्टेनलेसच्या कणांमध्ये शिरून तडे पाडतं.

तेच जस्ताचं. ठिणगी, पायाच्या प्लेटी गॅल्व्हनाइज्ड असतील तर जोडाभोवतीचं जस्त पूर्ण काढल्याशिवाय सुरुवात करू नका. साध्या असतील तर काळी साल ग्राइंड करून चकचकीत धातू उघडा करा. आर्क थोडा माइल्ड स्टीलच्या बाजूला झुकता ठेवा, कारण ती बाजू उष्णता पळवते. पण ती बाजू गरजेपेक्षा जास्त वितळवूही नका.

श्वासजपा

सगळे बीडबद्दल बोलताहेत, मी वेल्डरबद्दल बोलते. हे गंभीरपणे वाचा.

जोड पुसायला ॲसिटोन वापरा, ते पूर्ण उडून जाऊ द्या आणि बाटली आर्कपासून लांब ठेवा. क्लोरीन असलेला क्लीनर मुळीच नको. आर्कच्या अतिनील किरणांमुळे त्याच्या वाफेचा फॉस्जीन होऊ शकतो आणि तो फुप्फुसं निकामी करतो. ब्रेक साफ करायचे काही स्प्रे या जातीचे असतात, म्हणून डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय हात लावू नका.

स्टेनलेसच्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. टिगमध्ये धूर कमी दिसतो म्हणून लोक गाफील राहतात. धूर तोंडापर्यंत येण्याआधी ओढून घेणारी सोय करा, पण पंखा थेट जोडावर नको, गॅस उडेल.

ठिणगी, तुमचं लाल टोकाचं टंगस्टन थोरियमचं आहे. थोरियम किरणोत्सारी असतं. नुसतं वापरताना फारसा धोका नाही, पण टोक घासताना उडणारी धूळ श्वासात जाते. निळ्या टोकाचं, म्हणजे २ टक्के लॅन्थनमचं घ्या. स्टेनलेसवर ते तितकंच छान चालतं. आणि टोक उभ्या दिशेनेच घासा, आडव्या रेघा पडल्या की आर्क भटकतो.

काळपटपणा काढायच्या पिकलिंग पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. ते कातडीतून आत शिरतं, आणि कधीकधी दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. योग्य हातमोजे, चेहऱ्यावर कवच आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर ती पेस्ट उघडू नका.

टाकीच्या आत काम करताना आर्गॉन तळाशी साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध पडतो ते कळतसुद्धा नाही. एकट्याने आत उतरू नये.

एकचडबा

@श्वासजपा, मनापासून धन्यवाद. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

जुनी_पानं

थोडं अवांतर. टिगचा जन्म स्टेनलेससाठी झालाच नव्हता. १९४१ च्या सुमारास नॉर्थरॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांना मॅग्नेशियम जोडायचं होतं. मॅग्नेशियम हवेत पेट घेतं, म्हणून टंगस्टनच्या टोकाभोवती हीलियमची छत्री धरली. हेलिआर्क हे नाव तिथूनच आलं. स्टेनलेस त्याहून जुनं. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये जवळपास १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून.

पत्राप्रेमी

मीही एक विचारून घेतो. दोन वेगवेगळ्या लॉटचे ३०४ चे पत्रे, जाडी तीच, सेटिंग तेच, हात तोच. एकावर बीड अरुंद आणि खोल, दुसऱ्यावर रुंद आणि उथळ. हे कसं काय?

कर्मशाळा

गंधक! फार सुंदर प्रकार आहे हा. वितळलेल्या तळ्याच्या पृष्ठभागावर धातू सतत वाहत असतो. गंधक अगदी कमी, म्हणजे ०.००५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवाह मध्यातून कडेकडे जातो, उष्णता कडेला नेतो आणि बीड रुंद-उथळ होते. गंधक जरा वाढलं, ०.०१ च्या पुढे गेलं, की प्रवाह उलटतो. कडेकडून मध्यात येऊन खाली बुडी मारतो आणि बीड खोल जाते. दोन लॉट एकमेकांना जोडाल तेव्हा तळं कमी गंधकाच्या बाजूला सरकतंय असं दिसेल. मालाच्या प्रमाणपत्रात गंधकाचा आकडा असतो, तो पाहून घ्या.

हसरा_हातोडा

आणि पत्रा ३०४ आहे हेच माहीत नसेल तर? चुंबक लावून पाहतात ना?

गंजशत्रू

चुंबक अर्धं उत्तर देतो. घट्ट चिकटला तर ४३० सारखं फेराइटिक असण्याची शक्यता मोठी. नाही चिकटला तरी ते ३०४, ३१६ किंवा २०१ यांपैकी काहीही असू शकतं. शिवाय ३०४ वाकवलं की वाकवलेल्या कोपऱ्यावर चुंबक हलका धरतो, त्यावरून माल नकली आहे असं समजू नका. जात कळतच नसेल आणि काम जोखमीचं नसेल तर ३०९एल किंवा ३१२ वापरावी. इथे एकचडबा यांच्या डब्याला माझा पूर्ण पाठिंबा.

ठिणगी

सगळ्यांचे आभार. ३०८एल आणली. ५० अँपिअर, ९ लिटर, गॅस लेन्स, नंतरचा गॅस ८ सेकंद, खाली तांब्याची पट्टी. बीड फिकट सोनेरी येतेय आणि मागची बाजू स्वच्छ आहे! पत्राही फारसा पिळला नाही.

दोन गोष्टी उरल्या. बीड जिथे संपते तिथे मधोमध चांदणीसारखी बारीक चीर दिसते. आणि १.५ मिमीच्या पत्र्याला १.६ ची वायर जाड वाटते. टोचली की तळं एकदम थंड होतं.

निळा_पडदा

फार छान!

चीर क्रेटरची आहे. शेवटी पॅडल एकदम सोडलं की तळं घाईत थिजतं, मध्ये खड्डा पडतो आणि आकसताना फाटतो. शेवटी वायरीचा एक थेंब जास्त घाला, मग पॅडल हळूहळू वर सोडा आणि तळं आक्रसत जाऊ द्या. आत्ता ज्या चिरा आहेत त्या ग्राइंड करून काढा. नुसत्या वरून वितळवून झाकू नका.

वायर पत्र्याच्या जाडीइतकी किंवा तिच्याहून बारीक असावी. ट्रेला १.२ ची घ्या, चौकटीला १.६ राहू द्या. ट्रेच्या बाहेरच्या कोपऱ्यांवर फट मुळीच नसेल तर वायर न घालता कडा कडांत वितळवूनही जमतं, पण क्रेटरची काळजी तिथे दुप्पट घ्या.

गंजशत्रू

म्हणजे तुमची खरेदी : ३०८एल १.२ आणि १.६, पायाच्या प्लेटींसाठी ३०९एल १.६ चं छोटं पाकीट. ३१६ चा जॉब येईल तेव्हा ३१६एल.

वायरीच्या ज्या टोकावर नंबर उठवलेला असतो ते टोक हातात धरा आणि दुसऱ्या टोकाकडून वापरायला सुरुवात करा. उरलेला तुकडा कुठला आहे ते शेवटपर्यंत कळतं.

ठिणगी

नंबरचं टोक हातात, लक्षात ठेवते. प्लेटी साध्याच आहेत, जस्त नाही. साल काढून उद्या ३०९एलने लावते आणि फोटो टाकते.